घरातील संगीत आणि उभे स्पीकर : माफक पैशांत निवड कशी करावी?

चांगले गाणे ऐकावयाचे तर पूर्वी त्यासाठी वाट चालावी लागे. देवळाच्या उत्सवातील बैठक असो, गावच्या फेस्ताला आलेला वाद्यवृंद असो, की शहरातील नाट्यगृहातली मैफल असो, रसिक मंडळी संध्याकाळी निघत आणि पहाटे परतत. पुढे आकाशवाणीने गाणे घरी आणले, ध्वनिमुद्रिकांनी ते कपाटात ठेवले, आणि आता तर ते खिशातल्या मोबाइलमध्ये येऊन बसले आहे. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर, बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व, किंवा दूर व्हिएन्नात नावारूपास आलेले मोझार्ट आणि बेथोव्हेन, या सर्वांचे संगीत खेड्यातल्या घरीही मागितल्या क्षणी मिळते. उणीव राहिली आहे ती एकाच गोष्टीची. हे सारे वैभव ज्या यंत्रातून शेवटी कानावर पडते, ते यंत्र अंगठ्याच्या नखाएवढे असते. त्यातून तंबोरा ऐकू येत नाही. तंबोरा आहे एवढेच कळते.

म्हणून अलीकडे पुष्कळ कुटुंबांत विचार होतो, की एकदाचे चांगले उंच, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर बैठकीच्या खोलीत घ्यावेत. विचार चांगला आहे. परंतु ही खरेदी आयुष्यात एकदोनदाच होते, पैसा कष्टाचा असतो, आणि दुकानात उभे राहिल्यावर आकार, चकाकी व विक्रेत्याचे वक्तृत्व यांपुढे भल्याभल्यांचा निश्चय डळमळतो. तेव्हा दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच तीन प्रश्नांची उत्तरे घरी बसून काढलेली बरी. आपल्या संगीताला किती खोल स्वर लागतो? आपली खोली किती आवाज सुखाने सोसते? आणि आपल्यापाशी असलेला पैसा कोठे घातला असता कानाला त्याचे फळ मिळते?

पेटीच्या आत काय असते?

आजचा सर्वसाधारण स्पीकर मुळात शंभर वर्षांपूर्वीचाच आहे. १९२५ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी त्याची रीत सिद्ध करून दाखविली. एका शंकूच्या बुडाशी तारेचे बारीक वेटोळे असते. ते लोहचुंबकाच्या खाचेत लोंबते. तारेतून विद्युत्प्रवाह गेला की वेटोळे पुढेमागे हालते, त्याबरोबर शंकू हालतो, आणि शंकू हवेला ढकलतो. हीच हवेची लाट म्हणजे आपल्याला ऐकू येणारा स्वर.

यात खरी अडचण खालच्या स्वरांची आहे. स्वर एका सप्तकाने खाली गेला आणि त्याची ताकद तेवढीच राखावयाची असली, तर शंकूला चौपट हालावे लागते. म्हणून खर्जासाठी मोठा शंकू लागतो. त्याला वूफर म्हणतात. वरच्या स्वरांसाठी मात्र हलके व लहान अंग हवे. ते काम ट्वीटर करतो. कोणता स्वर कोणाकडे जावा याची वाटणी पेटीतील एक लहानसे मंडल करते. त्यास क्रॉसओव्हर असे नाव आहे. ही वाटणी नीट नसेल तर गाणाऱ्याचा आवाज मध्येच दुभंगल्यासारखा वाटतो.

शंकू पुढे जसा हवा ढकलतो, तसा मागेही ढकलतो. पुढची व मागची लाट एकत्र आल्या की खर्ज एकमेकांत विरून जातो. म्हणून पेटी हवी. बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांनी पेटीला नळीसारखे तोंड ठेवून मागच्या लाटेचाही उपयोग करून घेण्याची युक्ती काढली. तिचे पेटंट त्यांस १९३२ मध्ये मिळाले. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी उलट वाट धरली. त्यांनी पेटी घट्ट बंद करून आतल्या हवेचीच स्प्रिंग केली आणि लहान पेटीतूनही खोल स्वर काढून दाखविला. पुढे ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये, आणि त्यांच्या मागोमाग १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी, शंकू, पेटी आणि नळी यांचे गणित मांडले. आज स्वस्त स्पीकरही बरे वाजतात, याचे मोठे श्रेय त्या गणिताला आहे.

आता उभा स्पीकर कशासाठी, ते ध्यानात येईल. पेटी उंच केली की जमीन थोडी अडते, आतली हवा वाढते, खर्जाला जागा मिळते. आणि ट्वीटर खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येतो. हे त्याचे दोन खरे गुण. त्याची किंमतही आहे. मोठ्या पेटीला लाकूड अधिक लागते, वजनामुळे वाहतुकीचा खर्च वाढतो, आणि मोठ्या फळ्या स्वतःच थरथरू लागतात. त्या थांबवावयाच्या तर आतून आडवे आधार द्यावे लागतात. स्वस्त उंच पेटीत नेमकी याच ठिकाणी काटकसर केलेली असते.

आपल्या संगीताला किती खोल स्वर लागतो?

स्वराची उंची दर सेकंदाच्या कंपनांनी, म्हणजे हर्ट्झमध्ये मोजतात. काही आकडे हाताशी ठेवावेत. पुरुष गायकाचा तंबोरा काळी एकमध्ये लावला असता त्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा मध्य षड्ज सुमारे २०८ हर्ट्झ असतो, आणि तिच्या तंबोऱ्याचा खर्ज १०४च्या आसपास. व्हायोलिनची सर्वांत खालची तार १९६ हर्ट्झ, चेलोची ६५, उभ्या मोठ्या बासची ४१. पियानोचा तळाचा स्वर २७.५ हर्ट्झ आहे, आणि चर्चमधील मोठ्या ऑर्गनची १६ फुटी नळी सुमारे ३३ हर्ट्झवर घुमते.

यावरून एक साधा निष्कर्ष निघतो. ज्या घरात मुख्यतः ख्याल, ठुमरी, नाट्यपद, भजन, सतार व बासरी ऐकली जाते, त्या घरातील स्पीकर ५५-६० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरला तरी पुरे आहे. ज्यांना सिम्फनी, चेलो आणि गायकवृंदासह होणाऱ्या मोठ्या धार्मिक रचना प्रिय आहेत, त्यांनी ४०-४५ हर्ट्झची अपेक्षा ठेवावी; आणि उभा स्पीकर खरा कामाला येतो तो येथेच. ऑर्गनचा अगदी तळ गाठण्याची हौस मात्र माफक पैशांत पुरी होत नाही. तो नाद सोडून द्यावा. उरलेले संगीत अपार आहे.

आणखी एक गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही. आपला संग्रह जुना असेल तर खोल खर्जासाठी पैसे खर्चणे व्यर्थ आहे. हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यास सुरू झाले, आणि १९२५ पर्यंत ते कर्ण्यात गाऊनच होत असे. त्या तबकड्यांत अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर उतरतच नसत. विद्युत्‌-ध्वनिमुद्रण आल्यावर पुष्कळ सुधारणा झाली. तरी उस्ताद अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाई यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांमध्ये जे धन आहे, ते मधल्या सप्तकांत आहे. जो स्पीकर मधला भाग स्वच्छ, सौम्य आणि कर्कशपणाविना वाजवील, तोच या गाण्याचा खरा मित्र होय.

मुळात उभाच हवा काय?

हा प्रश्न स्वतःला विचारावा, आणि उत्तर नाही असे आले तरी वाईट वाटून घेऊ नये. ब्रिटनच्या बी.बी.सी.ने १९७०च्या दशकात ध्वनिक्षेपणाच्या गाडीत ठेवण्यासाठी एलएस ३/५ ए नावाचा एक लहानसा स्पीकर तयार करविला. तो हातात धरून नेता येई, त्याचा खर्ज बेताचाच होता. तथापि मनुष्याचा आवाज तो इतका खरा वाजवी, की पुढे कित्येक वर्षे घरोघरचे रसिक तो शोधत राहिले.

सारख्याच किमतीचे दोन जोड समोर ठेवले, एक उभा आणि एक फळीवरचा लहान, तर लहान जोडात बहुधा शंकू, ट्वीटर व क्रॉसओव्हर चांगल्या प्रतीचे असतात. कारण लाकडावरचा पैसा वाचलेला असतो. लहान स्पीकरला घडवंची मात्र हवी. शहरात ती महाग मिळते. गावचा सुतार जड लाकडाची, तीन पायांची, न डगमगणारी घडवंची सहज करून देतो. गोव्याकडे चिऱ्याचे दगड एकावर एक रचून त्यावर जाड फळी ठेवली तरी काम उत्तम होते. घडवंचीचा खर्च जमेस धरूनही लहान जोड स्वस्त पडत असेल, आणि ऐकणे मुख्यतः गायनाचे असेल, तर निःशंकपणे लहान जोड घ्यावा. खोली मोठी असेल, वाद्यवृंद आवडत असेल, आणि घरात दहा माणसे एकत्र बसून ऐकत असतील, तर उभा घ्यावा.

कागदावरचे आकडे कसे वाचावेत?

माहितीपत्रकातील पहिला आकडा स्वरमर्यादेचा असतो. ‘४० ते २०,००० हर्ट्झ’ एवढेच छापले असेल तर त्याला अर्थ नाही. त्यापुढे ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ असे लिहिलेले असावे. म्हणजे त्या मर्यादेत कोणताही स्वर फार फुगत नाही किंवा फार खचत नाही, अशी ती हमी होय. हीच मर्यादा ६ किंवा १० डेसिबलच्या घसरणीवर मोजली तर आकडा खोल दिसतो, स्पीकर मात्र तोच राहतो. वरच्या टोकाला ४०,००० हर्ट्झची जाहिरात असली तरी भुलू नये. तरुण कानाची सीमाच सुमारे २०,००० आहे, वयाबरोबर ती खाली येते, आणि पियानोच्या शेवटच्या पट्टीचा मूळ स्वर ४,१८६ हर्ट्झच असतो.

दुसरा आकडा संवेदनक्षमतेचा. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती आवाज होतो, हे तो सांगतो. ८५ डेसिबलच्या स्पीकरपेक्षा ८८ डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज अर्ध्या शक्तीत देतो. म्हणजे स्पीकर सुलभ असेल तर ॲम्प्लिफायर लहान घेता येतो आणि पैसे वाचतात. तिसरा आकडा ओहमचा. नवख्या माणसाने ८ किंवा ६ ओहमचा स्पीकर निवडावा. ४ ओहमचा स्पीकर ॲम्प्लिफायरकडून अधिक प्रवाह ओढतो, आणि स्वस्त ॲम्प्लिफायर त्याने तापतो. शिवाय ४ ओहमच्या स्पीकरची संवेदनक्षमता काही वेळा २.८३ व्होल्टवर मोजलेली असते. तेव्हा त्याला प्रत्यक्षात दोन वॅट मिळतात, आणि आकडा ३ डेसिबलने फुगलेला असतो.

आता वॅटांचा हिशेब. समजा, ८८ डेसिबलचे दोन स्पीकर आहेत आणि आपण तीन मीटरवर बसलो आहोत. अंतरामुळे आवाज घटतो, दुसऱ्या स्पीकरमुळे व भिंतींमुळे थोडा परत मिळतो. हातात सुमारे ८४ डेसिबल येतात, तेही केवळ एकेका वॅटमध्ये. घरात रमून ऐकावयाचा आवाज ७० ते ७५ डेसिबलचा असतो. परंतु वाद्यवृंद जेव्हा एकदम उसळतो तेव्हा तो क्षणभर २० डेसिबल वर जातो. त्या ९५ डेसिबलसाठी सुमारे १३ वॅट लागतात. थोडी शिल्लक धरून ४० ते ५० खरे वॅट प्रत्येक बाजूस असले की सामान्य घराची गरज भागते.

‘खरे’ हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. आपल्या बाजारात पुष्कळ वर्षे ‘पी.एम.पी.ओ.’ नावाचा आकडा पेट्यांवर छापला गेला, आणि हजारो वॅटांच्या गोष्टी सांगितल्या गेल्या. त्या आकड्याचा संगीताशी काही संबंध नाही. ‘आर.एम.एस.’ म्हणून दिलेला, किती ओहमवर मोजला ते सांगणारा आकडाच विचारावा. आणि दुर्बळ ॲम्प्लिफायर त्याच्या शक्तीबाहेर रेटू नये. तो रेटला की स्वराच्या लाटेचे माथे कापले जातात, आवाज चिरका होतो, आणि पुष्कळदा ट्वीटर जळतो.

डोळ्यांना बाजूस ठेवून कानांनी निवडावे

कॅनडातील राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी स्पीकरच्या परीक्षेचा दीर्घ अभ्यास केला. १९९४ मध्ये त्यांनी व शॉन ऑलिव्ह यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच स्पीकर, तेच श्रोते; एकदा पडद्याआडून ऐकविले आणि एकदा डोळ्यांसमोर ठेवून. पडद्याआड ज्या लहान व स्वस्त संचाला चांगले गुण मिळाले, तोच डोळ्यांना दिसताच श्रोत्यांच्या मनातून उतरला; आणि मोठ्या, देखण्या पेट्यांचे गुण वाढले. या श्रोत्यांत अनुभवी मंडळीही होती. मग आपण घाईने दुकानात शिरलेले गिऱ्हाईक कितीसे सावध असणार?

यास्तव दुकानात जाताना आपल्या ओळखीची चार ध्वनिमुद्रणे बरोबर न्यावीत : एक तंबोऱ्यासह संथ आलाप, एक एकल व्हायोलिन किंवा पियानो, एक तबल्याची साथ, आणि एक गायकवृंद. घरातील एकाने पाठ फिरवून बसावे आणि दुसऱ्याने स्पीकर बदलावयास लावावेत. दोन्हींचा आवाज सारखा ठेवण्यास सांगावे; कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमी अधिक चांगला भासतो, आणि हे विक्रेत्यांना ठाऊक असते.

काय ऐकावे? तंबोऱ्याच्या चार तारा वेगळ्या ओळखता येतात काय, आणि त्यांतून उमटणारा गंधार कानी पडतो काय, हे पाहावे. गायिका ‘स’कार उच्चारते तेव्हा शिट्टीसारखा त्रास होतो काय? डग्ग्याची घुमार उठते व मिटते, की प्रत्येक ठोक्याला एकच ‘भुम्म’ होते? गायकवृंदात स्त्रियांचे व पुरुषांचे आवाज पृथक् राहतात, की एकच गोंगाट होतो? मग आवाज अगदी हळू करून पाहावा. रात्री मुले निजल्यावर आपण तसेच ऐकणार असतो. हळू आवाजातही जो स्पीकर रंग सोडत नाही, तो उत्तम.

त्यानंतर खुर्चीवरून उठून बाजूस जावे, दाराशी जावे. आपल्या घरी सर्वजण समोर मांडी घालून ऐकत नाहीत. कोणी तांदूळ निवडत असते, कोणी ओसरीवर असते. बाजूने ऐकताना आवाजाचा पोत पार बदलून जात असेल, तर तो स्पीकर कुटुंबाचा नव्हे, एका खुर्चीचा होय. टूल यांच्या अभ्यासाचाही हाच निर्वाळा आहे, की समोरून समतोल आणि बाजूंनीही त्याच ढंगाने वाजणारा स्पीकर बहुसंख्य श्रोत्यांना आवडतो.

शेवटी पेटीवर बोटाच्या पेराने टकटक करावी. घड्यावर मारल्यासारखा आवाज आला तर पेटी पोकळ व दुबळी समजावी. पाट्यावर मारल्यासारखा बद्द आवाज आला तर बरी. व्हार्फडेल कंपनी १९३२ साली सुरू करणारे यॉर्कशायरचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी या थरथरीवर एक खेडवळ पण खरा उपाय काढला होता : दोन पातळ फळ्यांमध्ये कोरडी वाळू भरणे. हेच ब्रिग्ज १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गेले, आणि हजारो श्रोत्यांपुढे प्रत्यक्ष वादन व त्याचे ध्वनिमुद्रण आळीपाळीने ऐकवून त्यांनी आपल्या स्पीकरांची उघड परीक्षा घेऊ दिली. आजही काही उभ्या स्पीकरांच्या तळाशी वाळूसाठी कप्पा ठेवलेला असतो. तेथे समुद्राची वाळू कधीही घालू नये. तिच्यातील मीठ ओल धरते.

खोली हे अर्धे वाद्य आहे

४० हर्ट्झच्या स्वराची लाट साडेआठ मीटर लांब असते. आपली खोली तिच्यापेक्षा लहान असल्यामुळे लाट भिंतींमध्ये अडकते आणि काही स्वर अवाजवी फुगतात. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झला, चार मीटरच्या खोलीत ४३ला, आणि तीन मीटरच्या खोलीत ५७ला असा फुगवटा येतो. लांबी व रुंदी सारखी असेल तर दोन फुगवटे एकावर एक पडतात. म्हणून चौरस खोली सर्वांत वाईट. तीन-साडेतीन मीटरच्या खोलीत मोठे उभे स्पीकर आणले तर एक-दोन स्वरच घुमत राहतात व बाकीचे गाणे त्याखाली दबते. तेथे लहान जोडच शोभतो.

जुन्या कौलारू घरांना येथे एक लाभ आहे. उतरत्या छपरामुळे आवाज वर-खाली अडकत नाही, आणि कौलांच्या फटींतून थोडा खर्ज निसटूनही जातो. सिमेंटची सपाट गच्ची, गिलावा केलेल्या उघड्या भिंती आणि फरशी अशा खोलीत मात्र टाळी वाजविली तर झणत्कार ऐकू येतो. तो झणत्कार गाण्यातही मिसळतो. स्पीकर व बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी घालावी, मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट लावावे, खिडकीला जाड पडदा द्यावा, आणि जरूर तर भिंतीवर गोधडी टांगावी. हा उपाय महाग ॲम्प्लिफायरपेक्षा अधिक गुणकारी आहे.

दोन स्पीकरांत जेवढे अंतर, साधारण तेवढेच त्यांपासून आपल्या बैठकीचे असावे. मागच्या भिंतीपासून त्यांस दोन-तीन वितींवर आणून ऐकावे आणि मग थोडे थोडे सरकवावे. कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो. नळीचे तोंड मागे असेल तर भिंतीलगत तो अधिकच फुगतो. आणखी एक गोष्ट आपल्याकडचीच आहे. उभे स्पीकर खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी घडविलेले असतात. आपण जमिनीवर चटई घालून बसत असू, तर ट्वीटर डोक्यावरून बोलतो आणि वरचे स्वर मंदावतात. अशा वेळी स्पीकरच्या मागच्या पायांखाली पातळ चकत्या घालून तो किंचित पुढे कलता करावा, पण डोलणार नाही एवढी काळजी घ्यावी; घरात लहान मुले असतील तर ही काळजी दुप्पट.

पावसाळा, वाळवी आणि जुना माल

किनाऱ्यावरील चार महिन्यांची ओल कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. दाबलेल्या भुश्याच्या फळीची पेटी खालून पाणी ओढते आणि फुगते. उभा स्पीकर जमिनीवर थेट न ठेवता कडाप्पा किंवा ग्रॅनाइटच्या तुकड्यावर ठेवावा. त्याने ओल व वाळवी दोहोंपासून रक्षण होते, आणि पेटीही स्थिर राहते. भिंतीला चिकटून ठेवू नये. समुद्राजवळच्या घरांत तारांची जोडणी खाऱ्या हवेने गंजते. ती वर्षातून एकदा सोडून, पुसून पुन्हा घट्ट करावी. वादळी विजेच्या दिवसांत ॲम्प्लिफायरचा प्लग काढून ठेवावा.

जुना जोड विकत घेण्यास हरकत नाही. उलट माफक पैशांत सर्वांत चांगला लाभ कित्येकदा तेथेच होतो. मात्र शंकूच्या काठाची पट्टी तपासावी. ती रबराची असेल तर दीर्घकाळ टिकते. फोमची असेल तर आपल्या हवेत दहा-पंधरा वर्षांत भुगा होतो. बोटे चारी बाजूंना सारखी ठेवून शंकू अलगद आत दाबावा. आतून खरखर आली तर वेटोळे घासत आहे असे जाणून परत फिरावे. पेटीच्या तळाशी व मागे वाळवीची माती दिसते काय, तेही पाहावे. दोन्ही स्पीकर एकेकटे वाजवून सारखे बोलतात की नाही, ते ऐकल्यावाचून पैसे देऊ नयेत.

पैशाची वाटणी

शंभर रुपये खर्चावयाचे ठरविले असतील, तर साधारण साठ स्पीकरवर, तीस ॲम्प्लिफायरवर आणि दहा सतरंजी, पडदा, घडवंची व तारा यांवर घालावेत. तारांसाठी साधी, जाड, तांब्याची दुपदरी तार पुरते; सोन्याच्या भावाने विकल्या जाणाऱ्या तारांकडे पाहूही नये. मोबाइलमधील गाणे ॲम्प्लिफायरला जोडण्याची सोय असली की आरंभाला वेगळे यंत्र लागत नाही.

हप्त्यांवर मोठा जोड घेण्यापेक्षा रोखीने लहान जोड घेणे केव्हाही सुखाचे. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला जे गाणे कर्जाची आठवण देते, ते मनाला विसावा देत नाही. शिवाय लहान जोडाने एक गोष्ट कळून येते : घरातील माणसे खरोखर ऐकावयास बसतात की नाही. बसत असतील तर दोन-तीन वर्षांनी मोठा जोड घ्यावा. पहिला जोड मुलीच्या घरी किंवा गावच्या गायकवृंदाच्या सरावाला उपयोगी पडतो. बसत नसतील तर बैठकीच्या खोलीत दोन उंच लाकडी खांब उभे राहण्याचा प्रसंग तरी टळला.

घरात चांगला आवाज आला की काय बदलते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांस सांगणे नलगे. आजोबांना वर्षानुवर्षे पाठ असलेल्या चिजेत एखादी मुरकी नव्याने सापडते. व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाला गज तारेवर कसा टेकतो ते ऐकूनच कळू लागते. आणि रात्री जेवणानंतर अर्धा तास सर्वजण एका ठिकाणी, एकमेकांशी न बोलता, पण एकमेकांसह बसतात. एवढे साधले तर खर्च केलेला पैसा योग्य ठिकाणी गेला. ते साधण्यास पेटी किती उंच आहे याला फारसे महत्त्व नाही. ती आपल्या खोलीला, आपल्या गाण्याला आणि आपल्या पाकिटाला साजेशी असावी, एवढे पाहावे.